उचंत खात्यातली अक्कल

नव्या सॉफ्टवेअरच्या प्रात्यक्षिकात 'एबीसी ट्रेडर्स' नावाचा एक ग्राहक असतो. इतका सज्जन माणूस पेणच्या बाजारपेठेत आजवर कोणी पाहिलेला नाही. तो ऑर्डर एका दमात देतो, सांगितलेला दर मान्य करतो आणि बिल हातात पडताच पूर्ण रक्कम भरून मोकळा होतो. उरलेले पैसे गौरी-गणपती आटोपल्यावर बघू, असं तो म्हणत नाही. टेम्पोत तुटलेल्या गणपतीच्या मूर्तींच्या तीन सोंडा हमरापूरहून निघतानाच तुटलेल्या होत्या की वडखळच्या खड्ड्यात तुटल्या, यावर तो नाक्यावर उभा राहून वाद घालत नाही. बिल माझ्या नावावर नको, मेव्हण्याच्या नावावर करा, असंही ऐनवेळी सांगत नाही, कारण त्याला मेव्हणाच नसतो. टाय घातलेला तरुण पडद्यावर त्याचं खातं उघडतो, तीन कळा दाबतो, ताळेबंद पैशाला पैसा जुळतो आणि मालक खूश होऊन चहा सांगतात. त्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर, लक्ष्मीच्या तसबिरीखाली, एक जुना संगणक काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं घेऊन गुपचूप चालू असतो. त्याच्या बटणावर चिकटपट्टीने चिठ्ठी लावलेली असते, 'बंद करू नये'. ज्यांच्या जिवावर धंदा तीस वर्षं चालला, ते सगळे मेव्हणेवाले ग्राहक त्या यंत्रात मुक्कामाला असतात. नवी सिस्टीम जरूर आणावी. पण जुनं यंत्र बंद करण्याआधी ते नेमकं काय करत होतं हे कागदावर लिहून काढावं, आणि ते प्रोग्रामच्या प्रेमापोटी नव्हे तर धंद्याच्या काळजीपोटी. धंद्याचे नियम मालकांना तोंडपाठ असतात, अपवाद मात्र फक्त त्या यंत्राला ठाऊक असतात, असं माझं म्हणणं आहे.

पेण काय, रोहा काय, हा जुना प्रोग्राम बहुधा फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला सापडेल. नव्वदच्या दशकात कॉमर्सची पदवी आणि संगणकाचा सहा महिन्यांचा कोर्स पदरात असलेल्या गावातल्याच एखाद्या मुलाने तो लिहिलेला असतो. मालकांनी त्याच्यापुढे किर्द, खतावणी आणि तेरीज ठेवून सांगितलेलं असतं, 'हे असंच्या असं पडद्यावर आण.' त्याने आणलं. पुढे तो मुलगा पुण्याला गेला, तिथून अमेरिकेला गेला आणि त्याचा फोन नंबर बदलला. मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती निघणार नाही असं जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही काढून घेतला. ही खबर रोह्याच्या पेठेपर्यंत पोचलीच नाही, त्यामुळे प्रोग्राम चालत राहिला. मध्ये २००० साल आलं, १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. दर वेळी कोणीतरी माहीतगार येऊन कुठेतरी चार ओळी घालून गेला आणि जाताना मूळ फाइलचं नाव 'जुना', दुरुस्त फाइलचं 'नवा' आणि त्यापुढच्या दुरुस्तीचं 'नवानवा' ठेवून गेला. त्या काळ्या पडद्यावर फाइलच्या नावाला आठच अक्षरं मिळत आणि 'नवानवा' रोमन लिपीत बरोब्बर आठ अक्षरांत बसतं, त्यामुळे याहून अधिक नवं होण्याची सोयच उरली नाही. माहितीपुस्तिका म्हणून जी स्पायरलची वही कपाटात असते तिच्या पहिल्या पानावर हार्दिक शुभेच्छा असतात, दुसऱ्या पानावर फ्लॉपी कोणत्या बाजूने घालावी ते असतं आणि तिसऱ्या पानापासून दूधवाल्याचा हिशोब सुरू होतो.

चालत्या प्रोग्रामकडे बघून त्याच्यामागचे नियम लिहून काढायचे, याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. नाव ऐकून रात्री टॉर्च घेऊन दुसऱ्याच्या कारखान्यात शिरल्यासारखं वाटतं, आणि मूळ प्रकार काहीसा तसाच होता. एलियट चिकोफ्स्की आणि जेम्स क्रॉस या दोघांनी १९९० साली या विषयाची परिभाषा पक्की करताना एक गमतीची गोष्ट नोंदवून ठेवली आहे. यंत्रसामग्रीवाले ही विद्या प्रतिस्पर्ध्याच्या मालावर चालवत. सॉफ्टवेअरवाल्यांवर मात्र ती स्वतःच्याच मालावर चालवायची वेळ येते, कारण आपण काय करून ठेवलं आहे हे त्यांनाच कळेनासं होतं. कायद्याचीही धास्ती नको. भारताच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रोग्रामचं चालणं न्याहाळून त्यामागची तत्त्वं समजून घ्यायला मुभा देतं. तेव्हा आपल्याच पैशाने लिहून घेतलेला प्रोग्राम वाचताना दार लावून घेण्याची गरज नाही. दार लावायचंच असेल तर आत जे वाचायला मिळतं त्याची लाज वाटते म्हणून लावावं.

आत काय असतं? समजा पेणमधल्या एखाद्या मूर्तींच्या कारखान्याचा प्रोग्राम उघडला. त्यात दोनच रकान्यांची एक बारीकशी फाइल सापडते, एका रकान्यात साल आणि दुसऱ्यात तारीख. २०२२ पुढे ३१ ऑगस्ट, २०२३ पुढे १९ सप्टेंबर, २०२४ पुढे ७ सप्टेंबर, २०२५ पुढे २७ ऑगस्ट. टाय घातलेल्या तरुणाला हा अडाणीपणा वाटतो. सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे येतो, मग हातांनी तारखा कशाला भरायच्या, सूत्र घाला, असं तो म्हणतो. सूत्र घातलं असतं तर २०२३ ला कारखाना तोंडावर आपटला असता, कारण त्या वर्षी श्रावण अधिक होता आणि गणपती अकरा दिवस अलीकडे येण्याऐवजी एकोणीस दिवस पलीकडे गेले. २०२६ साली ज्येष्ठ अधिक, म्हणजे चतुर्थी १४ सप्टेंबरला. पंचांग बघून ही फाइल वर्षातून एकदा हातांनी भरायची असते, आणि बाकी सगळा प्रोग्राम तिच्यावर टांगलेला असतो. परदेशी जाणारा कंटेनर कधी निघायला हवा, कच्ची मूर्ती व्यापाऱ्याला कधी द्यायची, रंगकाम कधी संपायला हवं, डोळ्यांच्या आखणीला माणूस कधी बसवायचा, हे सगळं चतुर्थीपासून उलटं मोजलं जातं. इंग्रजी महिन्यांशी त्याला देणंघेणं नसतं.

त्याच प्रोग्रामात खाली उधारीचं एक पान असतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये उधारी तीस, साठ आणि नव्वद दिवसांच्या कप्प्यांत पडते आणि नव्वद ओलांडले की ग्राहकाला आपोआप संदेश जातो. जुन्या प्रोग्रामात त्या जागी एक ओळ असते. दिवस नव्वदच्या वर गेले असतील आणि अनंत चतुर्दशी अजून व्हायची असेल, तर काहीच करू नये. या एका ओळीत पेणचं सगळं अर्थशास्त्र आहे. मूर्ती उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडे पैसा येतो तोच सणाच्या आठवड्यात. त्याआधी त्याला मागणं म्हणजे नांगरणीच्या वेळी शेतकऱ्याकडे भात मागणं. ही ओळ नव्या सिस्टीममध्ये आली नाही, तर जुलै महिन्यात ऐन पावसात वीस वर्षं माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला 'आपले खाते थकीत असून कायदेशीर कारवाई होऊ शकते' असा मजकूर मोबाइलवर जाईल, खाली स्मितहास्याच्या चित्रासकट. तो भांडणार नाही. पुढच्या वर्षी तो शेजारच्या कारखान्यातून माल उचलेल आणि इकडच्या मालकांना ग्राहक का तुटला हे कधी कळणार नाही, कारण नव्या सिस्टीमच्या अहवालात वसुलीची शिस्त सुधारली असं दिसेल.

बाकीचा ऐवज भराभर बघून घेऊ. बिल जवळच्या चार आण्यांवर आणणारी ओळ अजून जागेवर असते. २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं, प्रोग्रामातून जायला त्याला कोणी सांगितलेलं नाही. ग्राहक क्रमांक ९९९९ हा कोणी माणूस नसून ज्या रकमेचा धनी सापडत नाही तिचं उचंत खातं असतं. ग्राहकांची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली असतात, युनिकोडमध्ये उघडली की म्हात्रे आणि घरत यांच्या जागी तारा तुटल्यासारखी चिन्हं दिसतात. गावांची तर आणखी तऱ्हा. पेण तालुक्यात एक दादर आहे आणि एक वाशीही आहे. जुन्या प्रोग्रामात त्यांच्यापुढे काही लिहिलेलं नसतं, कारण पेणमध्ये बसून दादर म्हटलं की कोणतं दादर हे प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाला ठाऊक होतं. नवं सॉफ्टवेअर हुशार असतं. ते दादरला मुंबईचा पिनकोड जोडतं, वाशीला नवी मुंबईचा, आणि मूर्तींचा टेम्पो शिवाजी पार्कच्या कोपऱ्यावर उभा राहून म्हात्र्यांचं घर विचारतो. रोह्यात एखाद्या पतपेढीचा प्रोग्राम उघडला तर दैनंदिन ठेवीच्या एजंटांचं सुट्यांचं कोष्टक सापडेल आणि त्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांच्या पालखीची सुटी असेल. सरकारी सुट्यांच्या तयार यादीत ती सापडणार नाही. ज्या ग्रामदैवताच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, त्याच्या दिवशी एजंटाने वसुली का केली नाही असा लाल शेरा मारणाऱ्या सॉफ्टवेअरचं रोह्यात काही खरं नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे विचित्र नियम म्हणजे कचरा, आणि नव्या सिस्टीमवर स्थलांतर करण्याची संधी साधून कचरा फेकायचाच असतो. हा आक्षेप निम्मा खरा आहे, चार आण्यांची ओळ फेकायलाच हवी. पण कोणती ओळ कचरा आणि कोणती भिंतीचा दगड, हे ओळीच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. रोहेकरांना याचं उदाहरण दाराशीच आहे. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते, आणि पलीकडे पावसाळ्यात सगळं वेळापत्रकच बदलतं. बाहेरच्या माणसाने नुसतं कागदावर पाहिलं तर त्याला हा शुद्ध गोंधळ वाटेल. एकाच गाडीच्या दोन वेळा कशाला? दोन्हीतली बरी ठेवा, एक काढून टाका, संगणकातला एक तक्ता वाचेल. पण त्या दुसऱ्या वेळापत्रकामागे दरडी आहेत. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली महाड तालुक्यात करंजाडीजवळ पावसाळ्यात झालेले अपघात आहेत, त्यांत गेलेली माणसं आहेत, आणि त्यानंतर पावसाळ्यात गाड्यांचा वेग बांधून घालण्याचा निर्णय आहे. हा नियम जाहीर वेळापत्रकात छापला जातो म्हणून त्याचं कारणही लोकांच्या लक्षात आहे. दुकानाच्या प्रोग्रामातला नियम कुठे छापला जात नाही. त्याचं कारण एका माणसाच्या डोक्यात असतं आणि तो माणूस पुढच्या मे महिन्यात निवृत्त होत असतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा असतो. प्रोग्राम कशाला वाचता, डेटा हलवा म्हणजे झालं. नावं, रकमा आणि तारखा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये नेमकं हेच केलं. ५० लाखांहून अधिक ग्राहकांची खाती एका आठवड्याअखेर नव्या सिस्टीमवर नेली. गंमत अशी की डेटा सुखरूप पोचला, सिस्टीम मात्र कोसळली. १९ लाख ग्राहकांना आपलंच खातं उघडता येईना आणि डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला पावणेपाच कोटी पौंडांहून जास्त दंड बसला. आता पेणच्या कारखान्याला पौंडात दंड होणार नाही हे मान्य. पण आकडे येणं वेगळं आणि त्या आकड्यांचं काय करायचं हे येणं वेगळं, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. आकडे फाइलीत असतात. त्यांचं काय करायचं ते त्या विचित्र ओळींत असतं.

परदेशी उदाहरण दिलं की आपल्याकडचे लोक मान डोलावतात आणि विसरून जातात, म्हणून घरचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात सातबाऱ्याएवढं मोठं स्थलांतर दुसरं झालं नसेल. हातांनी लिहिलेले गावोगावचे उतारे संगणकावर आणायचे होते, आणि यात सरकारची बाजू आपल्या दुकानदारापेक्षा कितीतरी भक्कम होती. महसुलाच्या कामाची पुस्तिका होती. अँडरसन या सनदी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी ती पुस्तिका विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तलाठ्यांच्या हाताशी आहे. गावचे नमुने एकवीस, प्रत्येकात कोणता रकाना आणि त्यात काय भरायचं ते ठरलेलं. सात आणि बारा हे त्यातलेच दोन. म्हणजे इथे रिव्हर्स इंजिनिअरिंगची गरजच पडायला नको होती. तरीही संगणकावर आलेला उतारा आणि हस्तलिखित उतारा जुळेना. मग चुका दुरुस्त करण्यासाठी 'एडिट मॉड्यूल' निघालं, त्यातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी 'री-एडिट' निघालं, आणि त्यातूनही जे निसटलं त्यासाठी जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५ होतंच. फॉक्सप्रोच्या 'नवानवा'ला ज्यांनी नावं ठेवली असतील त्यांनी इथे क्षणभर थांबावं.

अडचण कुठे आली असेल याचा अंदाज सातबारा हातात धरला तरी येतो. क्षेत्र, आकार, खातेदार हे सरळ रकाने आहेत. खरी जमीन राहते ती 'इतर हक्क' या रकान्यात. कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा, शेजाऱ्याची वहिवाट, वाटणीत बहिणीला दिलेला शब्द, असं जे जे कुठे बसत नाही ते सगळं तिथे. प्रत्येक पिढीतल्या तलाठ्याने आपल्या अक्षरात आणि आपल्या बुद्धीने भरलेला हा रकाना कोणत्याही पुस्तिकेत पुरता मावत नाही. क्षेत्राच्या रकान्यातही बोलणं गुंठ्यात आणि लिहिणं आरात. एका एकरात गुंठे चाळीस आणि आर ४०.४७, म्हणजे गुंठा आणि आर एकच धरून चालणाऱ्याच्या हिशोबात शंभर गुंठ्यांमागे एक गुंठ्याहून थोडा जास्त फरक पडतो. अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून पेणच्या बाजूला एका गुंठ्याला जो भाव सांगतात तो ऐकल्यावर 'थोडा' हा शब्द कोणी हलक्या आवाजात वापरणार नाही. दुकानदाराच्या उचंत खात्याचं आणि सातबाऱ्याच्या इतर हक्काचं गोत्र एकच. दोन्ही ठिकाणी व्यवस्थेला न पेललेली अक्कल जमा होत जाते, आणि नवी सिस्टीम आली की सगळ्यात आधी तोच रकाना 'इतर' म्हणून कापला जातो.

पण सातबाऱ्याच्याच गोष्टीत उपायही आहे, आणि मला तो फार आवडतो, कारण तो कोणत्याही सल्लागार कंपनीने सुचवलेला नव्हता. २०१७ साली गावोगावी संगणकीकृत सातबाऱ्यांचं चावडी वाचन झालं. गाव गोळा करायचा, उतारा मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने ऐकून सांगायचं की हे बरोबर आहे की नाही. मे २०१८ पासून डिजिटल सहीचे उतारे मिळू लागले, त्याच्या आधीची ही पायरी. सॉफ्टवेअरच्या पुस्तकांत याच कामाला भारदस्त नावं आहेत. जुनी सिस्टीम आणि नवी सिस्टीम यांना तोच मजकूर द्यायचा, दोन्हींचे निकाल शेजारी मांडायचे आणि जिथे फरक दिसेल तिथे बोट ठेवायचं. चावडीवर फक्त एक गोष्ट जास्त होती. निकाल ज्याच्या पोटावर येणार तो माणूस समोर बसलेला होता. पेणच्या कारखान्यात हेच करायचं तर मागच्या वर्षीचे खरे व्यवहार घ्यावेत, एबीसी ट्रेडर्सचे घेऊ नयेत. त्यातली सोंड तुटलेली बिलं, अर्धवट परत आलेला माल, चतुर्थी उलटल्यावर मिळालेले पैसे, दादरची गिऱ्हाइकं, ९९९९ ची भरताड असं सगळं नव्या सिस्टीममध्ये घालून दोन्ही बिलं मोठ्याने वाचावीत. ऐकायला प्रोग्राम रोज हाताळणारे दिवाणजी, गोदामवाला आणि टेम्पोचा चालक बसवावेत. फरक निघाला की कोणीतरी 'असं नसतं ओ!' म्हणून ओरडेल. ते वाक्य आणि त्याच्यामागचं कारण लिहून घ्यायचं. दस्तऐवजीकरणातला नव्वद टक्के भाग अशा ओरडण्याचा असतो, टाइप नंतर कोणीही करेल.

यावर हुशार मंडळी म्हणतात की मग सरळ दिवाणजींनाच विचारा, प्रोग्राम वाचायची उठाठेव कशाला? त्यांच्या बाजूने पुरावाही भारी आहे. डेन्मार्कच्या पीटर नाउर यांनी १९८५ साली असं मांडलं की प्रोग्रामचा खरा सिद्धान्त तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असतो. ती माणसं पांगली की प्रोग्राम मेला, आणि नुसत्या कागदांवरून त्याला जिवंत करता येत नाही. हे खरंच आहे. पण दिवाणजींना जाऊन 'तुम्ही काय काय करता?' असं विचारून पाहा. ते चष्मा वर करून सांगतील, 'काही नाही, रोजचंच.' ज्या गोष्टी माणूस तीस वर्षं न चुकता करतो त्या त्याला काम वाटतच नाहीत, मग तो सांगणार काय? त्याऐवजी त्यांच्यापुढे छापील ओळ ठेवा आणि विचारा, की अमुक गोदामातून गेलेल्या मालावर दोन टक्के कमी का होतात? दिवाणजी म्हणतील, 'हां, ते होय! २००५ च्या जुलैत गोदामात पाणी शिरलं होतं ना, तेव्हापासून.' आणि मग अर्धा तास थांबणार नाहीत. वाचून काढलेले नियम ही उत्तरपत्रिका नसते, ती दिवाणजींना विचारायची प्रश्नपत्रिका असते. नाउर म्हणतात ती माणसं पांगली असतील, पण तो प्रोग्राम रोज हाताळणारा माणूस अजून खुर्चीवर आहे. तो आहे तोवर विचारून घेतलं पाहिजे.

हल्ली एक नवा आक्षेप आला आहे, तो म्हणजे एआयला द्या, चुटकीसरशी वाचून देईल. देईलही. क्रमांक ४७ च्या ग्राहकाला व्याज लावू नये, अशी ओळ त्याच्यापुढे ठेवली तर ते सुबक भाषेत सांगेल की ग्राहक क्रमांक ४७ ला व्याज लावलं जात नाही. 'का' विचारलं तर तेवढ्याच सुबकपणे सांगेल की ही बहुधा निष्ठावान ग्राहकांसाठीची योजना असावी. मुळात ४७ हे मालकांचे मेव्हणे असतात आणि योजना घरातून आलेली असते. यंत्राने ओळी वाचाव्यात, त्यात त्याचा वेळ जात नाही आणि चहा लागत नाही. 'का'चा रकाना मात्र कोरा ठेवून दिवाणजींकडे पाठवावा.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. प्रोग्रामात चुका असतात, लबाड्याही असतात. त्या इमानेइतबारे लिहून काढल्या तर त्यांना प्रतिष्ठा मिळणार नाही का? संगणकावर दिसतो म्हणून आकडा खरा, असं पेणमध्ये कोणी सांगायला जाऊ नये. २०१० साली पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकून पडले, तेव्हाही पासबुकांतले आकडे व्यवस्थित छापलेलेच होते. म्हणून प्रोग्राम वाचणाऱ्याने त्याला साक्षीदार मानावं, न्यायाधीश मानू नये. काय घडत होतं एवढंच तो सांगतो, ते योग्य होतं की नाही हे माणसांनी ठरवायचं. प्रत्येक विचित्र ओळीपुढे तीनपैकी एक शेरा मारावा लागेल. ही चूक आहे, ही सवय आहे किंवा हा दिलेला शब्द आहे. चूक काढून टाकावी. सवय मोडायची की ठेवायची ते बघावं. शब्द असेल तर तो नव्या सिस्टीममध्ये कुठे बसवायचा ते आधी ठरवावं आणि मगच जुन्या यंत्रावरची चिठ्ठी काढावी. हे शेरे प्रोग्रामरने मारायचे नाहीत. त्याला मेव्हण्याला दिलेला शब्द आणि चुकून राहिलेली ओळ यांतला फरक कळण्याचं कारण नाही, आणि कळला तरी तो सांगण्याचे पैसे त्याला मिळत नाहीत. मालकांनी स्वतः बसायला हवं, आणि नेमकं तेच मालकांना नको असतं. नव्या सॉफ्टवेअरच्या कोटेशनमध्ये सर्व्हर, लायसन्स, प्रशिक्षण आणि उद्घाटनाचा हारतुरा यांना जागा असते. जुन्या प्रोग्रामसमोर बसण्याच्या दिवसांना नसते, कारण ते दिवस मालकांचे असतात आणि ते आपल्या वेळेचं बिल स्वतःला कसं लावणार?

वेळेचाही घोळ आहे. सॉफ्टवेअरवाले नवी सिस्टीम १ एप्रिलला सुरू करा म्हणतात, कारण त्यांचं वर्ष तेव्हा सुरू होतं. पेणच्या कारखान्यात एप्रिल म्हणजे साचे भरण्याची घाई, परदेशी ऑर्डरींची धावपळ आणि डोकं वर काढायला सवड नाही. चावडी बसवायची तर विसर्जन आटोपल्यानंतर, वसुली गोळा होत असताना, दिवाळीच्या आत. तेव्हा तुटलेल्या सोंडांच्या तक्रारी ताज्या असतात आणि दिवाणजी बोलायच्या मनःस्थितीत असतात. नव्या सॉफ्टवेअरवाल्याच्या करारात शेवटचा हप्ता ३१ मार्चला लिहिलेला असेल तर ती तारीख खोडून तिथे 'अनंत चतुर्दशीनंतर' असं लिहावं. तो विचारेल, म्हणजे नक्की कोणत्या तारखेला? तेव्हा त्याला ती दोन रकान्यांची फाइल उघडून दाखवावी.